दुसऱ्या तारेचा गांधार

*प्रिय मावशी,*

*मी १९ वर्षांचा आहे. मंगळवार पेठेत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात तीन पिढ्या गाणं आहे. आजोबा संगीत नाटकांत कामं करायचे, बाबा घरीच गाण्याचे क्लास घेतात, ताई ख्याल गाते आणि छान गाते. मीही सातव्या वर्षापासून शिकतोय, येत्या परीक्षेला विशारद आहे. पण गेल्या वर्षी राजारामपुरीत एका मित्राच्या खोलीवर गिटार हातात घेतली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. त्याच्या गिटारवर रोज संध्याकाळी दोन तास बसतो, घरी सांगतो लायब्ररीत होतो. मला बोटांनी तारा छेडून वाजवायला आवडतं, पिकने म्हणजे पत्तीने नाही. एकदा घरी विषय काढला होता. बाबा म्हणाले, "दांडीवरच्या धातूच्या पडद्यांत बांधलेले सूर ते. त्यावर सुरावरून सुरावर घसरणारी मींड नाही, बारीक श्रुती नाही. कान बिघडेल तुझा. तंबोऱ्याच्या घरात ते लाकूड नको." त्यावर मी पुढे बोललोच नाही. मी घराण्याशी गद्दारी करतोय का? कान खरंच बिघडतो का? सांगायचं तर आत्ता की विशारद झाल्यावर? माझ्याकडे ९,००० रुपये साठलेत. स्वतःची गिटार घ्यायची आहे.*

*— कोमल गांधार, कोल्हापूर*

प्रिय कोमल गांधार,

टोपणनाव झकास घेतलंस. फक्त तुझी भानगड शुद्ध गांधाराची, म्हणजे सा रे ग मधल्या साध्या 'ग'ची आहे, कोमलाची नाही. ती पुढे सांगते.

आधी तुझ्या डाव्या हाताची बोटं बघ. वर्षभर रोज दोन तास तारा दाबतोयस म्हणजे चारही टोकांना घट्टे पडले असणार. गाणाऱ्या घरात डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडायचं काही कारण नसतं. तंबोरा उजव्या हाताने छेडतात, डावा हात हवेत सूर पकडत हिंडतो, नाहीतर पेटीचा भाता हलवतो. तुझी आई रोज तुला ताट वाढते, तिच्या हातून तू भाकरी घेतोस. तुला वाटतंय घरात कुणाला पत्ता नाही. माझी पैज आहे, आईला माहीत आहे. ताईला तर नक्कीच. बाबांचं म्हणशील तर ते एकतर तू विषय काढायची वाट बघतायत, नाहीतर काढू नयेस म्हणून देव पाण्यात घालून बसलेत.

हे इतक्या खात्रीने सांगते, कारण १९८३ साली मी ह्याच खेळात होतो. (होतो म्हटलं, होते नाही. आम्ही शाहूपुरीतल्या पोरी घरात "मी आलो, मी गेलो"च म्हणायचो. बाहेरगावच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.)

माझे वडील पेटीवाले. भजन, नाट्यगीतांचे कार्यक्रम, कुणाच्या क्लासला साथ, जिथे बोलावतील तिथे पेटी सायकलला बांधून जायचे. थोर पेटीवादक गोविंदराव टेंबे त्यांचं दैवत, देवघरात फोटो लावायचा तेवढा बाकी होता. मला पेटी बऱ्यापैकी यायची, गळा मात्र बेताचा. त्या वर्षी गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाने ऑर्केस्ट्रा आणला. कार्यक्रम सुरू व्हायचा होता, माइकवाला "हॅलो चेक, हॅलो चेक" करत होता आणि स्टेजच्या कडेला एक माणूस स्टुलावर बसून गिटार जुळवत होता. तार दाबत नव्हता. पाचव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवायचा, तार छेडायचा आणि बोट उचलायचा. घंटेसारखा बारीक सूर निघायचा. मग शेजारच्या तारेवर सातव्या पडद्यापाशी तेच. दोन सूर जवळजवळ आले की त्यांच्यात लाटा उठायच्या, वँव वँव वँव. खुंटी फिरेल तशा त्या मंदावत जायच्या आणि एका क्षणी पाणी निवळल्यासारखं सगळं स्थिर व्हायचं. पुढे त्याने गाणी कोणती वाजवली, मला एकही आठवत नाही. मी त्या जुळवण्यावरच भाळले. घरी तंबोरा लावताना रोज हेच ऐकत होते, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

शिष्यवृत्तीचे पैसे आले, त्यातून एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी गिटार घेतली आणि माळ्यावर गव्हाच्या पोत्यांमागे लपवली. वडील साथीला बाहेर पडले की शिडी लावायची, ते यायच्या आत परत वर. दहा महिने हे चाललं. मग जुलै आला. कोल्हापूरचा पाऊस तुला मी सांगायला नको. दमट हवेत लाकूड फुगतं, वरची फळी पोट काढते, सांध्यातला डिंक सैल होतो. त्यात स्टीलच्या सहा तारांची मिळून ओढ साधारण ७० किलोची. तालमीतलं एक जवान पोर तारा अडकवलेल्या त्या वीतभर घोडीला रात्रंदिवस लोंबकळतंय असं समज. एका रात्री दोनच्या सुमारास माळ्यावर धाडकन आवाज झाला. वडील चोर समजून काठी घेऊन उठले. बॅटरीच्या उजेडात त्यांना दिसलं काय, तर घोडी उखडून तारांच्या जंजाळात लटकलेली गिटार.

मी खाली शिडीला धरून उभी. ते एवढंच म्हणाले, "झोप जा."

सकाळी त्यांनी ती गिटार स्वतःच्या जुन्या धोतरात गुंडाळली, तुटलेली घोडी खिशात टाकली आणि म्हणाले, "चल, मिरजेला." पॅसेंजरमध्ये जयसिंगपूर येईपर्यंत अवाक्षर नाही. मिरजेतला तो सतारमेकर त्यांच्या ओळखीचा. दुकानात वरून वाळलेले भोपळे टांगलेले, खाली भुसा, सरसाचं भांडं विस्तवावर. म्हाताऱ्याला गिटार बघून काही वाटलं नाही. बोटाच्या पेराने फळीवर दोन ठिकाणी टकटक केलं, कान लावला आणि मग मला विचारलं, "किती दिवस लपवलंत?" वडिलांना हसू आलेलं मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

त्यानेच मला घोडीतला फरक दाखवला. तंबोऱ्याची घोडी रुंद, किंचित उतरती. तार तिच्यावरून घासत घासत सुटते आणि मध्ये सुताचा दोरा सरकवून तो झणकार नेमका जागेवर आणायचा, ती जवारी. गिटारच्या घोडीवर हाडाची अरुंद पट्टी असते, तार एका ठिकाणाहून टचकन सुटते, म्हणून सूर स्वच्छ आणि एकेकटा. तंबोऱ्याची एक तार छेडली की आत सूरांची गर्दी असते. गिटारला ती गर्दी करायला जास्त तारा लागतात. तुला कॉर्डचं, म्हणजे तीन-चार सूर एकदम छेडण्याचं वेड लागलंय, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

चार दिवसांनी आम्ही ती आणायला परत गेलो. सतारमेकराने तारा चढवल्या होत्या, पण जुळवल्या नव्हत्या. ४० वर्षं सुरात राहिलेल्या माणसाच्या मांडीवर बेसूर वाद्य ठेवलं की काय होतं, तुला माहीत आहेच. वडिलांनी दोन मिनिटं दम धरला. मग म्हणाले, "कशाला काय लावायचं, सांग." सहावी ते तिसरी सोपी होती. प्रत्येक तार खालच्या तारेचा मध्यम. त्यांनी बोलता बोलता लावल्या. दुसरीला मी म्हटलं, "तिसरीला सा धरा, ही तिचा गांधार." त्यांनी डोळे मिटले आणि तो गांधार लावला. काय लावला! मी 'जी' नावाची कॉर्ड धरून तारा छेडल्या तसा कोपऱ्यात दांडी घासत बसलेला पोऱ्या हात थांबवून बघायला लागला. मग मी ई मायनर धरली. वडिलांचं तोंड लिंबू चोखल्यासारखं झालं. "पंचम उतरलाय."

"तुम्हीच लावलाय," मी म्हटलं.

तर कोमल गांधारा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्या एका तारेत आहे. सप्तकाचे १२०० बारीक भाग कल्पून बघ. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ व्या भागावर बसतो. गिटारच्या पडद्यांत सप्तकाचे १२ सारखे तुकडे केलेले असतात, म्हणून तिथला गांधार ४०० वर पडतो, म्हणजे १४ भाग चढा. पंचमाचं तसं नाही, ७०२ च्या जागी ७००, तो चालून जातो. माझ्या वडिलांनी दुसरी तार कानाने खऱ्या गांधारावर लावली, तेव्हा 'जी' कॉर्डमध्ये ती देवासारखी वाजली. पण तीच तार ई कॉर्डमध्ये पंचम होते आणि पंचम १४ भाग उतरला तर गल्लीतलं कुत्रंसुद्धा ओरडेल. पडदे सगळ्या स्वरांना षड्ज होऊ देतात, त्याची ही किंमत. सगळ्यांशी थोडं थोडं जुळवून घेणाऱ्या थोरल्या सुनेसारखं आहे ते, कुणाशीच पुरतं जुळत नाही आणि घर मात्र चालतं.

तेव्हा तुझ्या बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते हवेतलं बोलत नाहीयेत, हे आधी मान्य कर.

पण परतीच्या गाडीत वडील हाच मुद्दा मिरज ते हातकणंगले लावून धरत होते. रुकडी आलं तेव्हा मी म्हटलं, "मग तुमच्या पेटीचा गांधार?" पेटीही त्याच १२ सारख्या तुकड्यांची. तीही युरोपातून आलेली. गायकाच्या मींडेमागे तिला धावता येत नाही, ह्या कारणावरून आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेर काढलं होतं आणि पुढची तीसेक वर्षं ती बाहेर होती. वडील बराच वेळ खिडकीबाहेर उसाकडे बघत बसले. मग खो खो हसले आणि म्हणाले, "नाद खुळा." आपल्याकडे नाद म्हणजे सूरही आणि वेडही. त्यांना दोन्हींतलं कोणतं म्हणायचं होतं, मी विचारलं नाही.

आता कान बिघडतो का. कोल्हापुरात पेटीच्या साथीवर पिढ्या गायल्या आणि चांगल्या गायल्या. मी एकच पथ्य सांगते. सकाळचा रियाज तंबोऱ्यावर, गिटार संध्याकाळी. गिटारचे सूर धरून गळा तयार करू नकोस. आणि आठवड्यातून एकदा असं कर: तिसरी तार मोकळी छेड, तिला सा मानून गळ्याने गांधार लाव, स्थिर झाला की मग दुसरी तार छेड. तुझा गळा आणि ती तार ह्यांच्यात जी फट ऐकू येईल ती ऐकत राहा. ज्या दिवशी ती ऐकू येईनाशी होईल त्या दिवशी मला पत्र लिही, मग काळजी करू.

मींडेचंही बाबा खरंच सांगतायत. गिटारची तार ओढून एखाद-दीड स्वर चढवता येतो, सतारीसारखे चार-पाच स्वर एका पडद्यावरून निघत नाहीत. ह्यावर एक तोड आहे आणि ती तुला कुणीतरी सुचवेलच: गिटार मांडीवर आडवी घ्यायची, तारेवरून धातूची कांडी सरकवायची. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) ह्यांनी तसं करून हवाईयन गिटारवर आख्खा राग मांडला, तेही सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून. विश्वमोहन भट्टांनी गिटारला जादा तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी मिळालं. मोठी कामं आहेत ही, जरूर ऐक. पण बाबांना पटावं एवढ्यासाठी गिटार आडवी घेऊ नकोस. तुला ती उभी आवडते. बोटांनी एकाच वेळी खालचा खर्ज आणि वरची धून वाजते, ते तुला आवडतं. तुमच्या घरात तीन पिढ्या सूर एकामागून एक येतायत, कधी दोन सूर ठरवून एकदम आले नाहीत. तुझं मन त्या एकदम येण्यावर बसलंय. ते घरात नव्हतं म्हणूनच तुला इतकं लागलं. ते बाबांना तसंच सांग. "हेही आपलंच शास्त्रीय आहे हो" असला वकिली युक्तिवाद करू नकोस, त्यांना तो क्षणात कळेल आणि तुझ्यावरचा विश्वास जाईल.

गद्दारीबद्दल लिहिलंयस, ते वाचून मला जरा राग आला, खरं सांगते. ज्याला आपण कोल्हापूरचं गाणं म्हणून मिरवतो, ते अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) उत्तरेतल्या अत्रौलीकडून घेऊन आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवलं म्हणून ते इथलं झालं. आपल्या मिरवणुकांतला बेंजो जपानच्या तायशोगोतो नावाच्या वाद्यावरून आलाय, त्याला कुणी परका म्हणत नाही, उलट त्याच्याशिवाय गणपती हलत नाही. गजाननराव जोशी (१९११–१९८७) गवयाच्या घरातले, अंतूबुवांचे चिरंजीव. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँसाहेब, त्यांच्याकडेही शिकले, ख्याल गायले आणि व्हायोलिन वाजवून त्यातही उस्ताद झाले. आणि ज्या लाकडाला बाबा हसतात त्यालाही घराणं आहे. आजच्या शास्त्रीय गिटारचा आकार स्पेनच्या अंतोनियो दे तोर्रेस नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात घडवला. त्याच्या मापांवर अजून गिटारी बनतात.

ही नावं तुझ्यासाठी दिलीत. बाबांच्या तोंडावर फेकायला नाहीत. गाण्यातल्या माणसाशी वाद घालताना थोरामोठ्यांची नावं काढली की तो दुप्पट नावं काढतो आणि रात्र जाते.

भूपिंदर सिंग मात्र आईला सांग. त्यांचे वडील संगीतशिक्षक, इतके कडक की पोराला लहानपणी गाणं-बजावणंच नकोसं झालं होतं. पुढे त्याच पोराने मुंबईत गिटारवादक म्हणून नाव काढलं आणि गायक म्हणूनही. आयांना अशा गोष्टी कळतात.

बाबांच्या बाजूने थोडं बोलू दे. तुझे आजोबा संगीत नाटकांत होते म्हणतोस, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहात ते उभे राहिले असणारच. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं ते घर २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत जळालं. त्या रात्री माझ्या ओळखीतले किती म्हातारे रस्त्यावर उभे राहून रडत होते. तुझ्या बाबांच्या वयाच्या माणसाने आधी नाटक कंपन्या बंद होताना पाहिल्या, मग क्लासमधली पोरं कमी होताना, मग ते थिएटर. आता घरातलं पोरगं. गिटार त्यांना आवडत नसेलही, पण त्या दिवशी जे बोलले त्यात गिटारपेक्षा हे जास्त होतं असं मला वाटतं. क्लासमध्ये आता मुलं किती आहेत, विचारून बघ एकदा.

सांगायचं कधी? ह्या आठवड्यात. विशारदनंतर नको, कारण मग ते असं दिसेल की परीक्षेपुरतं तू घर वापरलंस. आणि "विशारद देतो, मग गिटार घेऊ द्या" असला व्यवहारही नको. विशारदची परीक्षा तू १२ वर्षं शिकलास म्हणून दे. बडा ख्याल कंटाळवाणा वाटतो की नाही, ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस, म्हणून मीही विचारत नाही. इंजिनिअरिंगचं तर तू एका ओळीत उरकलंस, तेही मी समजले.

आणि सांगायचं कसं? माझा अनुभव वापर, पावसात घोडी न उखडता. मित्राची गिटार एक दिवस घरी आण. झाकून नको, उघडी. क्लास संपल्यावर, मुलं गेल्यावर, बाबा तंबोरे गवसणीत घालत असतील तेव्हा. तुझं भाषण तयार करू नकोस. आधी एक चीज वाजव, दोन-तीन मिनिटांची, तुला सगळ्यात जास्त येते ती. गाजलेलं काही नको, नाहीतर ते गाण्याबद्दल बोलतील. मग खुंट्या थोड्या उतरव आणि गिटार त्यांच्या मांडीवर दे. म्हण, "बाबा, मला नीट जुळत नाही, तुम्ही लावून द्या."

खोटं बोलायला सांगतेय का? थोडं. पण वर्षभर लायब्ररीत बसलास त्यापेक्षा कमी.

ते दुसऱ्या तारेवर आले की गांधार कानाने लावतील. लावू दे. 'जी' वाजव, मग ई मायनर वाजव. पुढचा वाद दोन तास चालेल आणि त्यात तुझ्या चारित्र्याचा, घराण्याचा, भविष्याचा विषय निघणार नाही, फक्त एका तारेचा निघेल. ताईला हाक मार, तिलाही बसव. तिचा गांधार कुणाच्या बाजूने पडतो ते मला कळवायला विसरू नकोस. "नाही म्हणजे नाही" असंही ते म्हणू शकतात. म्हणाले तर गिटार मित्राकडे परत ठेव, पण लायब्ररीचं नाव बंद कर. "मित्राकडे गिटार वाजवायला जातोय" म्हणून चप्पल घाल. रोज ऐकून ऐकून त्या वाक्याची धार जाते. माझ्या आत्याने प्रेमविवाहाच्या वेळी हेच केलं होतं.

आता गिटार. ९,००० तले हजारभर बाजूला काढ, सेटिंग आणि तारांसाठी. उरलेल्यात सुरुवातीची बरी गिटार येते. तिची फळी थरांच्या लाकडाची असेल. दुकानदार अख्ख्या लाकडाच्या फळीचं कौतुक सांगेल, ते खरंच आहे, आवाज वेगळा असतो. पण आपल्या पावसाळ्यात थरांचं लाकूड कमी कुरकुर करतं आणि तुला आत्ता कुरकुर नको आहे. पिक न लावता बोटांनी वाजवतोस तर नायलॉन तारांची एकदा हातात घेऊन बघ. तिची दांडी रुंद असते, बोटांना जागा मिळते, आवाज मऊ. स्टीलवर वर्षभर बसलायस, तेव्हा कदाचित तेच आवडेल. ते दुकानात ठरव, इंटरनेटवर नको.

दुकानात तीन गोष्टी बघ. दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून सरळ आहे का ते बघ. बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून किती वर आहे ते बघ. स्टीलच्या तारांना दोन-अडीच मिलिमीटर ठीक, नायलॉनला थोडी जास्त. त्याहून बरीच उंच असेल तर बोटं सोलून निघतील. तिसरी गोष्ट तुझ्यासारख्यालाच जमणारी. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून घंटेसारखा सूर काढ, मग तिथेच तार दाबून वाजव. दोन्ही सूर एकच यायला हवेत. तार बरोबर मध्यावर कापली जाते तिथे, तारसप्तकाचा सा. सहाही तारांवर करून बघ. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. दाबलेला सूर चढा येत असेल तर ती गिटार पुढे जाऊन कुठल्याच कॉर्डमध्ये तुला समाधान देणार नाही. दुकानातला पोरगा ज्या कॉर्डवर ती वाजवून दाखवतो तिच्यावर भुलू नकोस.

आणि बाबांना बरोबर ने. पहिल्या महिन्यात तयार झाले नाहीत तर दुसऱ्या महिन्यात. पैसे कुठे पळत नाहीत.

घरी आणलीस की भिंतीला खुंटीवर टांगू नकोस, बाहेरची भिंत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तिला ओल येतेच. केसमध्ये ठेव, आत बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या दोन-चार टाक. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पूस, नाहीतर महिन्यात गंजतात. तंबोऱ्यांच्या शेजारी जागा मिळाली तर उत्तम, ती जागा बाबांनी आधीच कोरडी निवडलेली असणार.

तारांचा एक जादा संच मात्र आजच घेऊन ठेव. बाबा जुळवायला बसले की पहिली तार त्यांना उतरलेलीच वाटणार आणि ते ती चढवत चढवत नेणार. माझ्या वडिलांनी त्या एका दुपारी मिरजेत दोन तोडल्या.

तुझी,
मावशी